स्थूलता-शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन व आहारनियमन : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

वजन कमी करण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दोन बंधने दीर्घकाळ पाळावी लागतात. पहिले वेदनाशामक औषधांचे व दुसरे आहाराचे. रुग्णाला ही दोन बंधने सामान्यतः स्वतंत्रपणे सांगितली जातात. प्रत्यक्षात ती परस्परांशी निगडित आहेत, कारण या शस्त्रक्रियेनंतर पोटात होणारी वेदना ही पुष्कळदा आहारातील चुकीची सूचना असते आणि ती सूचना गोळीने दडपल्यास धोका वाढतो. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन भातप्रधान आहार असलेल्या गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात केले आहे.

बीजसंज्ञा : स्थूलता, जठर, वेदनाशामके, प्रथिने, जीवनसत्त्व ब-१, उष्णा तांदूळ.

प्रस्तावना

स्थूलता हा केवळ महानगरांतील सधन वर्गाचा विकार आहे, हा समज आता मागे पडला आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराचा मार्ग वळविण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. भारतात ही उपचारपद्धती प्रामुख्याने २००० नंतर रुजली. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर २०११ मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा विदर्भातील सर्वसामान्य वाचकालाही या विषयाची ओळख झाली. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. आशियाई व्यक्तींमध्ये कमी वजनालाही मधुमेहादी विकार जडतात, हे ध्यानी घेऊन त्यांनी आशियाई लोकांसाठी देहभार निर्देशांकाची मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली. यामुळे अशा शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांचे वर्तुळ विस्तारणे स्वाभाविक आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कार्यरत आहे. तथापि, अशा विशेष शस्त्रक्रियेसाठी येथील रुग्णाला बहुधा नागपूर किंवा रायपूर गाठावे लागते. शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे होत असल्याने दोन-चार दिवसांत रुग्ण घरी परततो. शल्यचिकित्सक शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावर राहतो आणि देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गावात रुग्णाच्या निकट असतात ते घरचे लोक, आशा कार्यकर्ती, गावातील डॉक्टर व औषध दुकानदार. पुढील काळजीचा भार यांच्यावरच पडतो. म्हणून या विषयाची माहिती रुग्णाइतकीच त्यांनाही असणे अगत्याचे आहे.

शस्त्रक्रियेने शरीरात होणारा बदल

आज दोन शस्त्रक्रिया विशेष प्रचलित आहेत. पहिलीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून त्याची अरुंद नळी केली जाते. हिला ‘स्लीव्ह’ असे म्हणतात. दुसरीत जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. हिला ‘बायपास’ म्हणतात. दोहोंतही एका वेळी खाता येणारे अन्न अत्यल्प होते. बायपासमध्ये त्याखेरीज लोह, कॅल्शियम व ब-१२ या घटकांचे शोषणही घटते. वेदनाशामकांची व आहाराची सर्व बंधने या बदलातूनच उद्भवतात.

प्रारंभीच्या दिवसांतील वेदना

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरावा लागतो. छेदांच्या जागी वेदना होतात आणि या वायूमुळे पोटातील पडदा ताणला गेल्याने खांदेही दुखतात. खांद्याची ही वेदना साधारणतः दोन-तीन दिवसांत ओसरते. लवकर उठून थोडे थोडे चालणे हा त्यावरील उत्तम उपाय होय. चालण्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही कमी होतो.

आधुनिक पद्धतीत एकाच तीव्र औषधावर विसंबून न राहता अनेक सौम्य उपाय एकत्र योजले जातात. छेदांच्या जागी बधिरीकरणाचे औषध टोचणे व ठरावीक अंतराने पॅरासिटामॉल देणे हा त्याचा पाया आहे. प्रौढ व्यक्तीस पॅरासिटामॉलची कमाल मात्रा दिवसाला ४ ग्रॅम असते. मात्र यकृताचा विकार असलेल्यास किंवा मद्यपान करणाऱ्यास ती कमी करावी लागते आणि स्थूल व्यक्तींमध्ये यकृतात मेद साचलेला असणे सामान्य आहे. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. पहिले काही आठवडे औषध द्रवरूपात किंवा पाण्यात विरघळवून घेणे सोयीचे ठरते. हळूहळू विरघळणाऱ्या दीर्घ परिणामी गोळ्या बायपासनंतर नीट शोषल्या जात नाहीत. अशा गोळ्यांची पूड करून घेणेही घातक असते, कारण त्यामुळे संपूर्ण मात्रा एकदम शरीरात जाते.

ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय औषधे अल्प काळ व गरजेपुरतीच द्यावीत. त्यांच्यामुळे मळमळ व बद्धकोष्ठ होते. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असलेल्या स्थूल रुग्णाचा श्वास त्यांच्यामुळे मंदावू शकतो. भारतात एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

रोवणीचे दिवस आणि दुकानातील गोळी

खरा धोका पहिल्या आठवड्यात नसून पुढील महिन्यांत व वर्षांत आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात वाकून काम करावे लागते. कंबर व गुडघे दुखू लागले की गावातील दुकानातून गोळी आणणे ही सर्वसामान्य रीत आहे. ही गोळी बहुधा डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा निमेसुलाइड या दाहशामक गटातील असते.

जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारी काही रासायनिक द्रव्ये शरीर स्वतः निर्माण करते. दाहशामक औषधे वेदनेबरोबर या रक्षक द्रव्यांचीही निर्मिती थोपवतात. बायपासमध्ये जठराची पिशवी जेथे आतड्याला जोडलेली असते, तेथील आतड्याच्या अस्तराला आम्ल सोसण्याची क्षमता मुळातच नसते. परिणामी त्या सांध्यावर व्रण होतो. त्यातून रक्तस्राव होऊ शकतो आणि क्वचित तेथे छिद्र पडून जिवावर बेतते. म्हणून बायपास झालेल्या रुग्णाने ही औषधे आजन्म टाळावीत, असे सांगितले जाते. स्लीव्ह झालेल्यांनीही ती शल्यचिकित्सकाच्या अनुमतीशिवाय घेऊ नयेत.

या बाबतीत दोन गैरसमज विशेष आढळतात. पहिला असा की, सुई घेतल्यास औषध पोटात जात नाही, म्हणून ती निर्धोक असते. हे खरे नाही, कारण औषध रक्तावाटेच रक्षक द्रव्यांवर परिणाम करते. रुग्णालयात देखरेखीखाली दिलेली एखादी मात्रा आणि गावात वारंवार घेतलेली सुई यांत मोठा फरक आहे. दुसरा गैरसमज पॅरासिटामॉलविषयीचा. बाजारात पॅरासिटामॉल व अ‍ॅसिक्लोफेनॅक एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. ‘हीही पॅरासिटामॉलचीच’ असे म्हणून ती घेतली जाते. म्हणून वेष्टनावरील सर्व घटक वाचून घ्यावेत. हृदयविकारासाठी चालू असलेले अ‍ॅस्पिरिन मात्र रुग्णाने आपल्या मनाने बंद करू नये. त्याचा निर्णय डॉक्टरांचा आहे.

धूम्रपान हे या व्रणाचे दुसरे प्रमुख कारण आहे. पूर्व विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन व्यापक असल्याने येथील रुग्णाने धूम्रपानासह तंबाखूचा प्रत्येक प्रकार सोडणे इष्ट. बायपासनंतर मद्यही रक्तात शीघ्र व अधिक प्रमाणात उतरते. त्यामुळे मोहाच्या दारूचा पूर्वी सोसलेला पेलाही आता अपायकारक ठरतो.

आहाराच्या पायऱ्या

शस्त्रक्रियेनंतरचा आहार टप्प्याटप्प्याने वाढविला जातो. पहिले एक-दोन दिवस पाणी व निवळ द्रव, त्यानंतर सुमारे दोन आठवडे गाळलेले वरणाचे पाणी, दूध व ताक, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले अन्न, पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ अन्न व नंतर नेहमीचे अन्न, असा सर्वसाधारण क्रम आहे. रुग्णालयागणिक त्यात थोडा फरक असतो आणि आपल्या रुग्णालयाने दिलेला क्रमच प्रमाण मानावा. घास लहान घ्यावा, तो पूर्ण चावावा, जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. दिवसभरात मात्र घोट घोट करून सुमारे दीड लिटर द्रव पोटात जावा.

येथील भोजनाचा केंद्रबिंदू भात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातातून जेमतेम अडीच ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे केवळ भातातून ही गरज भागवायची तर दोन किलोहून अधिक भात खावा लागेल, जे या रुग्णाला अशक्य आहे. भाताची पेज पचायला हलकी असली तरी तीच दिवसभर पीत राहिल्यास पोट भरते व स्नायू झिजतात. यास्तव ताटातील क्रम उलटा करावा. आधी प्रथिने, मग भाजी आणि जागा उरल्यास भात.

त्यासाठी बाहेरचे महागडे चूर्णच हवे असे नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, तर १०० ग्रॅम पनीर किंवा मासळीत साधारणतः १६ ते १८ ग्रॅम. या जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांतील मासळी काटे काढून मऊ शिजविल्यास उत्तम आहार ठरते. शाकाहारी व्यक्तींनी घट्ट वरण, दही, पनीर व सोयाबीनच्या वड्या यांचा आधार घ्यावा. सणासुदीचे गोडधोड बायपासच्या रुग्णाने टाळावे, कारण साखर वेगाने आतड्यात उतरल्याने घाम, धडधड, चक्कर व जुलाब होतात.

ओकारी, तांदूळ आणि जीवनसत्त्व ब-१

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच वैद्य क्रिस्तियान आइकमान यांनी जावा बेटावर असे दाखविले की, केवळ पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा विकार होतो. पुढे या शोधासाठी १९२९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला. तांदळाच्या कोंड्यात असणारा व पॉलिशबरोबर नष्ट होणारा हा घटक म्हणजे जीवनसत्त्व ब-१. उष्ण्या तांदळात, म्हणजे धान उकडून मग भरडलेल्या तांदळात, ते अधिक टिकते, कारण उकडताना ते कोंड्यातून दाण्यात उतरते. भातगिरण्यांच्या या जिल्ह्यात दोन्ही तांदूळ उपलब्ध असल्याने उष्ण्याची निवड सहज शक्य आहे.

शरीरातील ब-१ चा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. शस्त्रक्रियेनंतर आहार अत्यल्प असतानाच वारंवार ओकाऱ्या झाल्यास तो संपतो आणि मेंदूवर परिणाम होऊन भ्रम, डोळ्यांच्या हालचालींत दोष व चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसतात. अशा ओकणाऱ्या, थकलेल्या रुग्णाला गावात नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर उरलासुरला ब-१ ही खर्ची पडतो आणि स्थिती अकस्मात बिघडू शकते. ब-१ ची सुई ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत देणे, हा येथील प्रत्येक डॉक्टराने लक्षात ठेवावा असा नियम आहे. याशिवाय ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व ही पूरके दीर्घकाळ, बायपासनंतर आजन्म, घ्यावी लागतात. लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

सिकलसेलचा विशेष विचार

पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. शरीरात पाणी कमी पडले की त्याची वेदनादायक झटापट उद्भवते. शस्त्रक्रियेनंतर नेमके पाणीच कमी जाते आणि अशा वेदनेवर एरवी दिली जाणारी दाहशामके येथे वर्ज्य असतात. म्हणून येथील रुग्णाची सिकलसेल चाचणी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी व तिचा निष्कर्ष शल्यचिकित्सकास कळवावा.

वेदनेचा अर्थ

जेवताना छातीच्या मध्यभागी दाटल्यासारखे दुखणे ही घाईने किंवा अधिक खाल्ल्याची खूण आहे. तिथे उपाय गोळी नसून खाणे थांबविणे हा होय. काही महिन्यांनी जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येणे हे पित्ताशयातील खड्यांचे लक्षण असू शकते, कारण वेगाने वजन घटताना खडे होण्याचा संभव वाढतो. पोटाच्या वरच्या भागातील जळजळ व काळे शौच व्रण सुचविते. बायपासनंतर वर्षांनीही पोटात थांबून थांबून तीव्र कळा आल्यास आतडे अडकल्याची शंका घ्यावी. पहिल्या काही आठवड्यांत ताप, श्वास लागणे, न थांबणारी पोटदुखी किंवा नाडीची गती मिनिटाला १२० वर जाणे हे टाक्यांच्या जागेतून गळती झाल्याचे लक्षण असू शकते. पिंढरी सुजून दुखणे हे गुठळीचे लक्षण असू शकते. या सर्व प्रसंगी वेदनाशामक घेऊन वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

निष्कर्ष

१. शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन व आहारनियमन हे एकाच काळजीचे दोन भाग आहेत. आहार सुधारल्याने वेदनेची अनेक कारणे दूर होतात आणि वेदना ओळखल्याने आहारातील चूक उमगते.

२. दाहशामक गोळ्या व सुया टाळणे, हा नियम रुग्णाइतकाच गावातील डॉक्टर व औषध दुकानदार यांनी पाळावयाचा आहे.

३. भात वर्ज्य नाही, परंतु ताटातील त्याचे स्थान बदलावे व शक्यतो उष्णा तांदूळ वापरावा.

४. रुग्णालयाने सुटी देताना शस्त्रक्रियेचा प्रकार, वर्ज्य औषधे व धोक्याची लक्षणे मराठीत लिहिलेले पत्र द्यावे आणि रुग्णाने ते प्रत्येक डॉक्टरास दाखवावे.

शल्यचिकित्सकाचे कौशल्य शस्त्रक्रियागृहात संपते. त्यानंतर रुग्णाचे रक्षण त्याच्या घरातील ताट व गावातील औषधाचे दुकान या दोन ठिकाणी होते. ही दोन्ही ठिकाणे सजग झाली, तरच दूरच्या शहरात झालेल्या उपचाराचे फळ या जिल्ह्यातील रुग्णाच्या पदरी पडेल.