चित्र काढता येत नाही, तरी कलेच्या दुनियेत करिअर? क्युरेटरची तालीम कुठे आणि कशी मिळते

मागच्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अब्बूंना घेऊन घरी आली. बी.ए. इतिहासाचं शेवटचं वर्ष. पुढे तिला क्युरेटर व्हायचंय. अब्बूंचा सवाल सरळ होता: "टीचर, हिला धड चित्र काढता येत नाही. इंटरमिजिएटला सी ग्रेड होती. तिथे जाऊन ही करणार काय?"

सवाल वाजवी आहे. आपल्याकडे कला म्हटलं की एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आणि दहावीला मिळणारे जादा गुण, एवढंच डोळ्यासमोर येतं. क्युरेटर हा शब्द बऱ्याच सुशिक्षित घरांतही ऐकलेला नसतो. म्हणून त्या संध्याकाळी जे सांगितलं, ते जरा तपशिलात इथे लिहिते.

क्युरेटर या शब्दाचं मूळ लॅटिन आहे. अर्थ काळजी घेणं, सांभाळणं. पूर्वी संग्रहालयातल्या वस्तूंची राखण आणि नोंद करणारा तो क्युरेटर. आजच्या समकालीन कलेत त्याचं काम वाढलंय. कोणत्या कलाकारांची कोणती कामं एकत्र मांडायची, का मांडायची, कोणती कशाच्या शेजारी लावायची आणि बघणाऱ्याला त्याबद्दल काय सांगायचं, हे तो ठरवतो.

उदाहरण घेऊ या नसरीन मोहम्मदी यांचं. जन्म 1937, कराची. वाढल्या मुंबईत, शिकल्या लंडनला. 1972 पासून बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकवत होत्या. 1990 मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या किहीमला त्यांचा इंतकाल झाला. कागदावर पेन्सिल आणि शाईने ओढलेल्या बारीक रेषा, हेच त्यांचं मुख्य काम. त्यांनी बहुतेक चित्रांना ना नाव दिलं, ना तारीख घातली. काढलेले फोटो तर हयातीत कधी प्रदर्शनात मांडलेच नाहीत.

आता विचार करा, अशा कलाकाराचं प्रदर्शन कसं लावणार? कोणतं चित्र आधीचं, कोणतं नंतरचं? डायरीची पानं चित्रांबरोबर ठेवायची की वेगळी? हे काम रुबिना करोडे यांनी केलं. बडोद्यात त्या नसरीन यांच्याकडेच शिकलेल्या. दिल्लीच्या किरण नाडर म्युझियममध्ये 2013 साली मोठं प्रदर्शन झालं. पुढे माद्रिद, आणि 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची 'मेट ब्रॉयर' ही नवी शाखा उघडली, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत नसरीन यांचं होतं. चित्रं तीच होती, पण दुनियेसमोर ती नीट क्रमाने आणि समजेल अशी आली ती क्युरेटरच्या मेहनतीमुळे.

या कामात कारकुनीही भरपूर असते, हे मुलांना आधीच सांगावं. दुसऱ्याच्या मालकीचं चित्र मागून आणायचं तर करार, विमा, वाहतूक हे सगळं बघावं लागतं. पेटी उघडल्यावर चित्रावर कुठे डाग, कुठे चुणी, याची लेखी नोंद लागते. कागदावरच्या कामांवर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू द्यायचा नाही, नाहीतर रंग उडतो. भिंतीवर लावायचा शंभर शब्दांचा मजकूर दहा वेळा लिहावा लागतो. हे सगळं शिकता येतं. बघण्याची नजर मात्र वर्गात थोडीच मिळते, ती भरपूर बघून येते.

याचं रीतसर शिक्षण जगातही फार जुनं नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या 'मागासाँ' या कलाकेंद्राने 1987 मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला, तो युरोपातला पहिला मानतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये 1992 पासून एम.ए. आहे. ॲमस्टरडॅमच्या 'दे आपेल'चा कार्यक्रम 1994 चा. तिथे मोजकेच लोक घेतात, आणि ते मिळून खरं काम करता करता शिकतात. अमेरिकेत बार्ड कॉलेजचं केंद्र प्रसिद्ध आहे.

परदेशातली फी आणि राहण्याचा खर्च मध्यमवर्गीय घराला झेपणारा नाही, हे मी लपवणार नाही. ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्सचा खर्च देते, पण त्यासाठी आधी साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कला आणि वारसा या क्षेत्रांतल्या भारतीयांना मदत करतो. घर विकून किंवा कर्ज काढून पदवीनंतर लगेच परदेशी पाठवू नका, एवढं मी अब्बूंना स्पष्ट सांगितलं.

कारण सुरुवात आपल्या दारात होऊ शकते. भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. मदनपुरा, नागपाड्याहून चालत जाता येईल एवढं जवळ, तरी आपली किती मुलं आत गेली आहेत? या संग्रहालयाने आधुनिक व समकालीन भारतीय कला आणि क्युरेटरच्या कामाची पदव्युत्तर पदविका चालवली आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात म्युझिऑलॉजी आणि जतन-संवर्धनाची पदविका असते. ती संग्रहालयाच्या नोकरीकडे जास्त झुकलेली आहे, पण पाया पक्का होतो. प्रवेश कधी, फी किती, हे तिथे स्वतः जाऊन विचारावं. एजंटच्या भरवशावर राहू नये. दोन रविवारच्या वर्गात 'सर्टिफाइड क्युरेटर' करून देणाऱ्या जाहिरातींपासून तर लांबच राहावं.

मुंबईबाहेर बडोद्याला कलेच्या इतिहासाचं एम.ए. आहे. दिल्लीत जेएनयूमध्ये कला आणि सौंदर्यशास्त्राचं एम.ए. आहे, तिथली फी अजून सामान्य घराला परवडते. दिल्लीच्याच 'खोज' संस्थेने गोएथे इन्स्टिट्यूटबरोबर दक्षिण आशियातल्या तरुण क्युरेटर्ससाठी छोटा, सखोल कार्यक्रम चालवला आहे.

आणि कोची. तिथली बिनाले 2012 मध्ये बोस कृष्णम्माचारी आणि रियाज कोमू या दोन कलाकारांनी उभी केली. दोघेही केरळचे, दोघेही मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. 2014 पासून तिच्यासोबत स्टुडंट्स बिनाले होते. तिच्यात तरुण क्युरेटर देशभरच्या सरकारी कला महाविद्यालयांत फिरतात, मुलांची कामं निवडतात आणि कोचीला मांडतात. माझ्या मते शिकण्याची याहून चांगली जागा आपल्या देशात नाही.

अब्बूंचा दुसरा प्रश्न होता, डिग्री नसली तर? नायजेरियात जन्मलेले ओकवी एन्वेझर राज्यशास्त्र शिकले होते. कविता करायचे. 1994 मध्ये त्यांनी आफ्रिकी कलेवर एक नियतकालिक काढलं, आणि 2002 चं जर्मनीतलं डॉक्युमेंटा हे जगातलं अव्वल प्रदर्शन त्यांच्या हाती आलं. युरोपाबाहेरचा माणूस तिथे पहिल्यांदाच प्रमुख झाला. फैज़ अहमद फैज़ यांच्या कन्या सलीमा हाश्मी लाहोरच्या कला महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिक्षिका होत्या. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीत पाकिस्तानच्या समकालीन कलेचं प्रदर्शन त्यांनीच क्युरेट केलं. म्हणजे लिहिणं आणि शिकवणं, हेही या कामाकडे जाणारे रस्ते आहेत.

कमाईचं खरं सांगते. सुरुवातीला गॅलरीत सहाय्यक, संग्रहालयात इंटर्न अशी कामं मिळतात, पगार बेताचा असतो. पुष्कळजण शिकवणं, लेखन, भाषांतर जोडीला करतात. अभ्यासक्रम आणि मुलाखती बहुतेक इंग्रजीत होतात. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांची दमछाक तिथेच होते, म्हणून इंग्रजी लिहिण्याचा सराव आत्तापासून हवा. पण उर्दू वाचता येणं ही कमजोरी समजू नका. जुनी पत्रं, किताबत, सिनेमाची पोस्टर्स, मुशायऱ्यांची पत्रकं वाचू शकणारे लोक या क्षेत्रात कमी आहेत.

अर्जासोबत अनेक ठिकाणी एका काल्पनिक प्रदर्शनाची योजना मागतात. विषय काय, कोणत्या वस्तू, कुठून आणणार, का. तिच्या दादांकडे भिवंडीच्या मुशायऱ्यांची पत्रकं पेटीभर आहेत. पहिलं काम म्हणून मी तिला त्यांची यादी करायला सांगितली: साल, छापखाना, मोजमाप, कुठे फाटलंय. परवा तिचा फोन आला, एकेचाळीस झाली आहेत. दादा शेजारी बसून प्रत्येक शायराचं नाव सांगतात आणि अब्बू वहीत लिहून घेतात.