शाळा सुटल्यावरची गाडी

शाळा सुटल्याची घंटा झाली, मुले फाटकाकडे धावली, पण एका खोलीचे दार अजून उघडेच आहे. आत चारपाच जण जमिनीवर पालथे पडून एका लहानशा चाकाच्या गाडीकडे टक लावून पाहत आहेत. तुम्हालाही आत जावेसे वाटते. पण मनात येते, आपल्याला संगणकाची भाषा येत नाही, सोल्डरिंग येत नाही, आत जाऊन करणार काय?

जरूर जा. आत बसलेल्यांनाही पहिल्या दिवशी यातले काही येत नव्हते.

शाळेतल्या मुलांचे यंत्रमानव-संघ ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा भरवली. आपल्याकडे २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघू लागल्या. त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असतात आणि देशभर त्यांची संख्या आता हजारोंनी आहे. तुमच्या शाळेत अशी प्रयोगशाळा नसेल तरी पुढे सांगतो ती गाडी एका टेबलावर करता येते.

संघात गेलात की बहुधा पहिली गाठ पडते ती पट्टीवरून चालणाऱ्या गाडीशी. पांढऱ्या कागदावर काळी चिकटपट्टी लावलेली असते. गाडीने ती न सोडता चालायचे. गाडीला डोळे नसतात. तिच्या पोटाखाली, पट्टीच्या दोन्ही बाजूंना येतील असे, दोन संवेदक बसवलेले असतात. प्रत्येकात एक दिवा अवरक्त किरण खाली सोडतो आणि शेजारचा प्रकाशग्राही घटक परत आलेले किरण मोजतो. पांढरा कागद बरेच किरण परत पाठवतो, काळी पट्टी बहुतेक गिळून टाकते. गाडी उजवीकडे सरकली की डावा संवेदक पट्टीवर येतो आणि त्याला येणारे किरण एकदम कमी होतात. मग डावे चाक मंदावायचे, म्हणजे गाडी डावीकडे वळते. (अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते लुकलुकताना दिसते.)

आता थोडे गणित. चाकाचा व्यास ६.५ सेंमी, म्हणजे परीघ सुमारे २०.४ सेंमी. मोटर मिनिटाला १५० फेरे घेत असेल तर सेकंदाला अडीच फेरे, म्हणजे गाडी सेकंदाला सुमारे ५१ सेंमी जाते. संवेदकाचे वाचन सेकंदाला दहाच वेळा केले, तर दोन वाचनांच्या मध्ये गाडी पाच सेंमी पुढे गेलेली असेल आणि दोन सेंमी रुंदीची पट्टी केव्हाच सुटली असेल! तेच वाचन सेकंदाला पाचशे वेळा केले, तर मध्ये एक मिलिमीटरच अंतर जाते.

एवढे जमले तरी गाडी सापासारखी नागमोडी चालते. असे का होते? आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून बैलांचा डवरा चालतो. डवरा झाडाकडे जरासा सरकला तर हाकणारा माणूस जराच दाब देतो. जास्त सरकला तर जास्त. आपली गाडी मात्र केसभर चुकली काय नि बोटभर चुकली काय, सारख्याच जोराने वळते आणि पलीकडे जाऊन पडते. म्हणून दोनाऐवजी पाच संवेदक लावतात. चूक किती झाली ते त्यांवरून कळते आणि चुकीच्या प्रमाणात चाकांचा वेग बदलता येतो. चूक मोजून तीच पुन्हा यंत्राला कळवण्याच्या या रीतीला फीडबॅक, म्हणजे पुनःप्रदाय, म्हणतात. यंत्रमानवाचे मर्म येथे आहे. त्याला वाट पाठ नसते.

एका संघाची हकीकत सांगतो. मी अधूनमधून त्यांच्याकडे जात असे. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली त्यांची गाडी पंचवीस-पंचवीस फेऱ्या बिनचूक करी. स्पर्धेच्या दिवशी भर दुपारी, दाराजवळच्या वळणावर, ती तीनदा सरळ निघून गेली. मुलांनी बॅटरी बदलली, प्रोग्राम बदलला, एकमेकांवर चिडलीही. खरे सांगायचे तर मीही मोटरलाच दोष देत होतो. संघात नववीतली एक मुलगी होती. उशिरा आल्यामुळे तिला ‘तू वहीत लिही’ एवढेच काम मिळाले होते. (मुलींना वही आणि मुलांना पक्कड, ही वाटणी मला मुळीच पसंत नाही.) तिने वही उलटी चाळली. एका रविवारची नोंद होती: ‘दुपारी २, खिडकीजवळ, दोनदा चुकली.’ ती म्हणाली, “सर, ऊन!”

बरोबर होते. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात, ट्यूबलाइटमध्ये फारच थोडे. उन्हामुळे काळ्या पट्टीवरूनही इतके किरण येत होते की संवेदकाला सगळीकडे पांढरेच दिसे. तिने खोक्याचा पुठ्ठा कापून संवेदकाभोवती झालर लावली. पुढची फेरी पूर्ण झाली. बक्षीस मिळाले नाही, पण त्यानंतर पक्कड तिच्या हातात आली.

एक अडचण मात्र गाडीच्या बाहेरची आहे. पुष्कळ मुली गावाहून एसटीने येतात आणि शाळा सुटताच निघणारी बस चुकली तर घरी जाण्याची पंचाईत. त्यांच्यासाठी संघाने शनिवार धरावा. सकाळची शाळा असते, दुपार मोकळी सापडते. हे तुमच्या सरांना तुम्हीच सुचवा.

आणि ही खटपट कशासाठी, तेही सांगतो. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी छातीच्या वर गेली की फवाऱ्याचे तुषार माणसाच्या अंगावर, तोंडावर येतात. माणूस बांधावर उभा राहून गाडीच ओळींमधून गेली तर? पट्टीऐवजी झाडांची ओळ, एवढाच काय तो फरक, असे वाटेल. पण पंधरा लिटरचे द्रावण म्हणजे पंधरा किलो ओझे, पावसात काळी माती चाकाला थापली जाते, फांद्या वाटेत आडव्या येतात आणि वर ऊन असतेच. आमच्या त्या संघाने गेल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेली पाच लिटरची कॅन गाडीवर ठेवून पाहिली. गाडी ओळीत चार पावले गेली आणि चिखलात बसली. वहीत तशी नोंद आहे. रुंद चाकांचे चित्र पुढच्या पानावर आहे.