इलेक्ट्रॉनिक कानबिल्ला : अँटेनाची निवड कोणी करावी?

महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर व वाहतुकीवर बंधन आले आणि ‘भारत पशुधन’ प्रणालीतील 12 अंकी क्रमांक गोठ्यागोठ्यांत पोहोचला. हा पिवळा बिल्ला साध्या प्लास्टिकचा असून त्यात चिप नसते. क्रमांक वाचण्यासाठी जनावराजवळ जावे लागते, पुष्कळदा कानही धरावा लागतो. चार जनावरांच्या गोठ्यात यात काही अडचण नाही. शंभर गाईंच्या मुक्त गोठ्यात मात्र कोणत्या गाईने किती दूध दिले, कोणती आज खुराकाला आली नाही, या नोंदी चुकू लागतात आणि इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याचा विचार सुरू होतो. अशा वेळी विक्रेता बहुधा एकच आकडा पुढे करतो : बिल्ला किती मीटरवरून वाचता येतो. निवड या आकड्यावर करू नये, हे सांगण्यासाठी बिल्ल्याच्या आत काय घडते ते पाहणे आवश्यक आहे.

नागपूरहून भंडारा, दुर्गमार्गे भिलाईकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर पथकर नाक्यांवर गाडीचा फास्टॅग काही मीटरवरून वाचला जातो. याच पट्ट्यात पावसाळ्यात कोरड्या डांबरी रस्त्यावर जनावरे बसलेली दिसतात, आणि भिलाईच्या स्मृति नगरसारख्या शहरी वसाहतींतही मोकाट जनावर कोणाचे, हा प्रश्न उरतोच. काचेवरची पट्टी दुरून वाचता येते, मग गाईचा कान का नाही? प्रश्न रास्त आहे.

फास्टॅग 865 ते 867 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो. येथे तरंगलांबी सुमारे 35 सेंटिमीटर, म्हणून अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना 17 सेंटिमीटरच्या आसपास हवा. काचेवर त्याला पुरेशी जागा मिळते. कानातील बिल्ला याच्या निम्माही नसतो. त्यामुळे अँटेनाची तार नागमोडी दुमडून बसवावी लागते. शिवाय कान म्हणजे मुख्यतः पाणी. पाण्याच्या सान्निध्यात अँटेनाचे जुळलेले सूर बिघडतात आणि आलेल्या ऊर्जेचा बराच भाग ऊतींतच जिरतो. या बिल्ल्यात बॅटरी नसते. वाचकयंत्राने पाठवलेल्या लहरींतूनच चिपला जागे व्हायचे असते. आपल्याकडे या पट्ट्यात 4 वॅटपर्यंत विकिरित शक्तीला मुभा आहे. मोकळ्या हवेत 5 मीटरवर साध्या अँटेनाच्या हाती त्यातले सुमारे 200 मायक्रोवॅट लागतात. चिपला जागे होण्यास 10 ते 20 मायक्रोवॅट पुरतात, म्हणजे हिशेब वरकरणी सोयीचा दिसतो. परंतु भिजलेल्या कानाने यातील नऊ दशांश शक्ती गिळली, तर हाती 20 मायक्रोवॅटच उरतात. त्यात गाईने मान वळवली की वाचन थांबते. कारण वाचकाच्या आणि बिल्ल्याच्या अँटेनाच्या दिशांत 60 अंशांचा फरक पडल्यास शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते आणि काटकोनात ती जवळपास शून्य होते.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा म्हणजे एकाच बिल्ल्यात परस्परांशी काटकोनात दोन अँटेना बसवणे आणि ज्याला अधिक शक्ती मिळते तो निवडणे. कल्पना उत्तम आहे, पण निवड फुकट होत नाही. दोन्हींची शक्ती मोजणे, तुलना करणे, जोडणी बदलणे, या सर्वांचा खर्च त्याच 10-20 मायक्रोवॅटांतून भागवावा लागतो. वारंवार मोजमाप करणारे मंडल बसवले, तर निवडीतून मिळालेला लाभ निवडीवरच खर्च होतो. म्हणून जागे होताना एकदाच तुलना करावी, किंवा निवडच टाळून दोन्ही अँटेनांकडील शक्तीचे एकदिश विजेत रूपांतर करून ती एकत्र करावी, हे मार्ग अधिक व्यवहार्य ठरतात. दोन स्वतंत्र अँटेना जोडता येणाऱ्या चिप बाजारात आहेत.

तरीही गोठ्यापुरते आमचे मत वेगळे आहे. ज्या बाजूला विजेची जोडणी आहे, त्या बाजूने निवड करावी. दाराशी बसवलेल्या वाचकाला शक्तीची चणचण नसते. गल्लीच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या दिशांनी दोन ते चार अँटेना लावून वाचकाने ते आळीपाळीने चालवले, तर गाईची मान कोणत्याही बाजूला असली तरी एक तरी अँटेना योग्य कोनात सापडतो. वर्तुळाकार ध्रुवणाचा अँटेना निवडल्यास निम्मी शक्ती जाते, पण कोनामुळे वाचन पूर्ण बंद पडण्याचा धोका राहत नाही.

दुसरा पर्याय 134.2 किलोहर्ट्झचा. जनावरांच्या इलेक्ट्रॉनिक ओळखीची आंतरराष्ट्रीय मानके, आयएसओ 11784 व 11785, याच वारंवारतेची आहेत. येथे अँटेना म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे. चुंबकीय क्षेत्र कानातून, पाण्यातून, शेणातून जवळपास विनाअडथळा जाते. मात्र अंतर दुप्पट झाले की ते आठव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे वाचन एक मीटरच्या आतच होते. एकामागून एक गाय जाणाऱ्या अरुंद गल्लीसाठी हे पुरेसे आहे, किंबहुना सोयीचे आहे, कारण शेजारच्या गाईचा क्रमांक चुकून नोंदला जात नाही. दूधगृह व खुराकघरासाठी आम्ही हाच बिल्ला सुचवू. मोठ्या कळपाची दुरून मोजदाद करायची असेल, तरच पहिल्याचा विचार व्हावा, आणि तोही कानापासून दूर लोंबणाऱ्या पानाच्या आकारातील बिल्ल्याचा.

कमी वारंवारतेच्या वाचकाचे शत्रू दोन. अँटेनाभोवती लोखंडी पाइपची बंद चौकट असेल, तर तीत उलटा प्रवाह निर्माण होऊन क्षेत्र क्षीण होते. तेवढ्या भागात लाकूड किंवा पीव्हीसी वापरून चौकट तोडावी. दुसरा म्हणजे वेग बदलणाऱ्या मोटारीचे नियंत्रक. दूध काढण्याचे यंत्र सुरू होताच वाचन घसरत असेल, तर प्रथम तेथे पाहावे. असे दोन वाचक जवळजवळ असल्यास ते समकालित करून घ्यावेत.

खरेदीपूर्वीची चाचणी बिल्ला हातात धरून घेऊ नये. तो प्रत्यक्ष कानात बसवून, कान भिजवून, गाय तिच्या नेहमीच्या चालीने गल्लीतून नेऊन शंभर फेऱ्यांत किती वेळा वाचन झाले ते मोजावे. इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याचा क्रमांक 15 अंकी असतो. पहिले तीन अंक देशाचे (भारताचा 356) किंवा उत्पादकाचे. उरलेले 12 अंक पिवळ्या बिल्ल्यावरील 12 अंकांशी जुळतीलच असे नाही. म्हणून पिवळा बिल्ला काढू नये, आणि बिल्ला मारतानाच दोन्ही क्रमांक एकाच ओळीत नोंदवावेत.