टिटवी का ओरडते?

टिटवी तुमच्या ओळखीची आहे. रात्री ती ओरडत डोक्यावरून गेली, की घरातले म्हातारे माणूस म्हणते, ‘लक्षण बरे नाही.’ ती कशासाठी ओरडते, हे आज पाहू.

एखाद्या सकाळी मुलांना घेऊन जालन्याच्या मस्तगडापासून फिरायला निघा. सन १७२५ च्या सुमाराची ही गढी. जुन्या भिंतींच्या कपारींत पारवे दिसतील. पुढे कुंडलिका नदीकडे किंवा मोती तलावाकडे वळा. मोकळ्या जागी उंच पिवळ्या पायांचा, काळ्या डोक्याचा, डोळ्यापुढे लाल मांसल कड असलेला पक्षी दिसला, की ती टिटवी समजा.

टिटवी झाडावर घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये ती बहुधा चार अंडी घालते. अंडी मातीच्याच रंगाची, ठिपकेदार. पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात. माणूस, कुत्रा, कोल्हा कोणीही जवळ आले, की ओरडाओरड सुरू होते. अपशकुन म्हणतात तो हाच!

आता फोटोची गोष्ट. १९३१-३२ मध्ये सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा जालना त्याच संस्थानात होते. त्या काळी पक्षी बंदुकीने टिपून त्याचे कातडे अभ्यासासाठी जपून ठेवीत. आज मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही पुरावा मिळतो आणि पक्षी जिवंत राहतो. पण घरट्याजवळ अर्धा तास उभे राहिलात, तर टिटवी परतत नाही आणि अंडी उन्हात भाजून निघतात. मग कॅमेरा आणि बंदूक यांत फरक तो काय राहिला?

म्हणून एवढे करा. ऊन कोवळे असताना जा, सूर्य पाठीशी ठेवा आणि एका जागी गप्प बसा. पक्षी आपला चरू लागला, की फोटो घ्या. तो ओरडू लागला, अंगावर झेपावला किंवा पंख मोडल्यासारखा फरफटू लागला, तर आल्या वाटेने मागे फिरा. अंड्यांना हात लावू नका, घरट्याची जागा कोणाला सांगू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी नासणे गुन्हाच आहे.

गुरुजी, शाळेत एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, पक्षी, तो काय करीत होता, असे पाच रकाने पुरेत. आणि नांगरताना टिटवी ओरडली, तर शेतकरीदादा, क्षणभर बैल किंवा ट्रॅक्टर थांबवा. तासापुढची जमीन एकदा नीट पाहा.