दहा वर्षांचा सोबती

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? गालिच्यासारखे हिरवेगार मैदान, पांढरी टोपी घातलेले साहेब आणि त्यांच्या मागून काठ्यांची जड थैली खांद्यावर घेऊन चालणारा एखादा पोरगा. आपल्या देशात हा खेळ साहेबाने आणला. १८२९ साली कलकत्त्यात गोल्फ क्लब निघाला. पुढे राजेरजवाड्यांनी हा खेळ आपलासा केला. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आजही गोल्फचे मैदान आहे. साहेबांची आणि राजांची नावे इतिहासात राहिली. थैली वाहणाऱ्या पोराचे नाव मात्र सहसा कुणी विचारीत नाही.

आजची गोष्ट अशाच दोन पोरांची आहे. एक वीस वर्षांचा, दुसरा अवघ्या दहा वर्षांचा.

अमेरिकेत बोस्टन शहराजवळ ब्रुकलाइन नावाचे गाव आहे. तेथे 'द कंट्री क्लब' हा श्रीमंतांचा क्लब. क्लबच्या सतराव्या होलसमोर, रस्त्याच्या पलीकडे एक साधे घर होते. घरातले वडील माळीकाम करणारे, कॅनडातून आलेले फ्रेंच, आई आयरिश. त्यांचा मुलगा फ्रान्सिस विमे. शाळेला जाता-येता मैदानात हरवलेले चेंडू वेचावेत, सुटीच्या दिवशी सभासदांच्या थैल्या वाहाव्यात, हे त्याचे बालपण. या थैली वाहणाऱ्याला गोल्फमध्ये 'कॅडी' म्हणतात. घरामागच्या जागेत त्याने आणि थोरल्या भावाने स्वतःचे छोटेसे मैदानही तयार केले होते.

वडिलांना हे सारे पसंत नव्हते. गोल्फ खेळून का पोट भरते? त्यांचे तरी काय चुकले? कष्टकरी बापाने मुलाच्या हाताला काम शोधावे की काठी द्यावी? आईचे मात्र मन द्रवले. एका क्लबचे सभासद होण्यासाठी तिने फ्रान्सिसला २५ डॉलर उसने दिले आणि त्याने नोकरी करून ते फेडले. १९१३ साली तो क्रीडासाहित्याच्या दुकानात कामाला होता आणि उरलेल्या वेळात हौस म्हणून खेळत होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपन ही मोठी स्पर्धा घरासमोरच्या मैदानावर भरली. इंग्लंडहून दोन दिग्गज आले होते. एक हॅरी वॉर्डन. तोपर्यंत त्याने ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकली होती. दुसरा टेड रे, १९१२ चा ब्रिटिश ओपन विजेता. गंमत अशी, की थोर वॉर्डनही एका माळ्याचाच मुलगा!

फ्रान्सिसची थैली वाहायला जॅक लोअरी नावाचा मुलगा यायचा होता. पण शाळा बुडवताना तो पकडला गेला. मग त्याचा धाकटा भाऊ एडी शाळा चुकवून हजर झाला. वय वर्षे दहा. थैली जवळजवळ त्याच्या खांद्याएवढी! फ्रान्सिसने त्याला परत पाठवले नाही. सबंध स्पर्धेत या चिमुरड्याचा मंत्र एकच होता, असे सांगतात : चेंडूवरची नजर हलवू नकोस.

गोल्फचा हिशेब क्रिकेटच्या अगदी उलटा असतो. अठरा होल, आणि प्रत्येक होलमध्ये चेंडू जितक्या कमी फटक्यांत जाईल तितके चांगले. अशा चार फेऱ्या दोन दिवसांत खेळायच्या होत्या. वॉर्डन आणि रे यांचे प्रत्येकी ३०४ फटके झाले. फ्रान्सिस अजून मैदानातच होता. बरोबरी साधायला शेवटच्या सहा होलमध्ये त्याला अपेक्षेपेक्षा दोन फटके वाचवायचे होते. एक त्याने तेराव्या होलवर वाचवला. दुसरा वाचला तो सतराव्यावर, म्हणजे आपल्याच घरासमोर! लांबून सोडलेला चेंडू घरंगळत गेला आणि होलमध्ये पडला. त्याचेही फटके ३०४ झाले.

दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला, तिघांची निर्णायक फेरी ठरली. सकाळपासून पाऊस. मैदान चिखलाने भरलेले. एवढ्या मोठ्या लढतीला हा शाळकरी पोर काय कामाचा, असे अनेकांना वाटले. क्लबातला एक जाणता माणूस पुढे झाला आणि थैली मी घेतो म्हणाला. फ्रान्सिसने त्याला एडीलाच विचारायला सांगितले. पैशांचे आमिष दाखवूनही एडी थैली सोडीना. त्याचे डोळे भरून आले. ते पाहून फ्रान्सिसने सांगून टाकले, माझा कॅडी एडीच!

वाचकहो, या गोष्टीचे खरे वळण मला इथे दिसते. समोर जगातले दोन अव्वल खेळाडू. हरल्यास लोक हसणार. अशा वेळी कुणीही शहाण्यासुरत्या माणसाचा आधार घेतला असता. फ्रान्सिसने मात्र शब्द राखला. थैली वाहणाऱ्या पोराच्या मनाला काय वाटते, हे त्याला कुणी सांगायला नको होते. तो स्वतः कालपरवापर्यंत तेच काम करीत होता.

नऊ होल संपले तेव्हा तिघांचेही ३८ फटके झाले होते. दहाव्यावर फ्रान्सिसने एका फटक्याची आघाडी घेतली. शेवटी शेवटी टेड रे मागे पडला. सतराव्या होलवर वॉर्डन फक्त एका फटक्याने मागे होता. तेथे मैदान डावीकडे वळते. वॉर्डनने कोपरा कापून जवळची वाट धरण्याचा धोका पत्करला आणि त्याचा चेंडू वाळूत रुतला. त्याला पाच फटके लागले. फ्रान्सिसने तेच काम तीन फटक्यांत केले. घरासमोरचा सतरावा होल पुन्हा एकदा त्याच्या मदतीला आला होता! फेरी संपली तेव्हा आकडे होते : फ्रान्सिस ७२, वॉर्डन ७७, रे ७८. ही स्पर्धा जिंकणारा पहिला हौशी खेळाडू एका माळ्याचा मुलगा ठरला. पावसात भिजलेल्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. कुणीतरी टोपी फिरवून छोट्या एडीसाठी पैसे गोळा केले.

फ्रान्सिस पुढेही हौशीच राहिला. १९१४ आणि १९३१ साली त्याने अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकली. मध्यंतरी, १९१६ मध्ये, क्रीडासाहित्याचा धंदा करतो म्हणून त्याचा हौशी दर्जा काढून घेतला गेला; तो १९१८ मध्ये परत मिळाला. १९५१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील 'रॉयल अँड एन्शंट' या मानाच्या क्लबने त्याला कॅप्टन केले. ब्रिटनबाहेरच्या माणसाला हा मान प्रथमच मिळत होता. आणि एडी? तो कॅलिफोर्नियात मोटारींचा मोठा व्यापारी झाला. हौशी खेळाडूंवरचा त्याचा विश्वास मात्र तसाच राहिला. १९५६ साली त्याने एका मित्राशी पैज लावून आपल्याकडे नोकरीला असलेले दोन हौशी खेळाडू बेन होगन आणि बायरन नेल्सन या नामवंत जोडीविरुद्ध उतरवले. हौशी जोडी हरली, पण केवळ एका होलने!

फ्रान्सिस आणि एडीची मैत्री जन्मभर टिकली. १९६७ साली फ्रान्सिस वारला, तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत एडी होता. ज्या खांद्याने एकेकाळी त्याची थैली वाहिली, त्याच खांद्याने त्याला निरोप दिला.

फ्रान्सिसच्या नावाने १९४९ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये एक शिष्यवृत्ती निधी चालतो. गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून किंवा इतर काम करणाऱ्या मुलामुलींना त्यातून कॉलेजच्या शिक्षणासाठी मदत मिळते. थैली वाहणाऱ्या पोराची आठवण यापेक्षा चांगली कशी ठेवणार?

त्या दिवसांतले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. उंच, सडपातळ फ्रान्सिस आणि त्याच्या शेजारी पांढरी टोपी घातलेला, थैली सावरत चालणारा एडी. आपल्या घरातल्या मुलांना बक्षिसांचे चषक जरूर दाखवावेत. पण कधीतरी हे छायाचित्रही दाखवावे. जिंकणे सगळ्यांनाच जमत नाही. आपल्याबरोबर चालणाऱ्या लहान माणसाचा हात ऐन वेळी न सोडणे कुणालाही जमण्यासारखे आहे.