मंगळवार, दोन घड्याळांचा

सकाळी 6.30. गजर होतो. दोघं उठतात, पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि लगेच जोर-बैठका सुरू. मॉर्मन चर्चचे मिशनरी जगात कुठेही असोत, बहुतेकांचा दिवस याच सुमारास उगवतो आणि रात्री साडेदहाला दिवा मालवून संपतो. संन्याशाची दिनचर्या आणि एनसीसीचा कॅम्प यांच्या मधलं काहीतरी. वेळापत्रक युटातल्या मुख्यालयातून आलेलं. नवा पोरगा आयडाहोचा, वय 19, बटाट्याच्या शेतांतून थेट लॉस एंजेलिसच्या पिको-युनियन भागात येऊन पडलेला. त्याआधी प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात सहाएक आठवडे स्पॅनिश. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर ‘एल्डर’ ही पदवी आणि आडनाव. इथे दोन वर्षं त्याला पहिल्या नावाने कोणी हाक मारणार नाही. जोडीदार वर्षभराने मोठा. पहिले बारा आठवडे तोच गुरू, आणि त्याच्या नजरेआड जायचं नाही. पगार नाही. उलट महिन्याला 500 डॉलर स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खिशातून भरायचे.

8 ते 10. अभ्यास. आधी एकट्याने, मग जोडीने, मग भाषा. ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या धर्मग्रंथातले निवडक भाग स्पॅनिशमध्ये पहिल्यांदा 1875 साली छापले गेले, मेलितोन त्रेहो नावाचा स्पेनचा माजी लष्करी अधिकारी आणि डॅनियल जोन्स यांनी ते केले. पूर्ण पुस्तकाला 1886 उजाडलं. नवा एल्डर ते मोठ्याने वाचतो, उच्चार घोटतो. याचा परिणाम असा की पश्चात्ताप, पुनरुत्थान, करार हे त्याला अस्खलित येतं. ‘तुमच्या मोरीचा नळ गळतोय’ हे येत नाही. शिवाय ग्रंथात ‘तुम्ही लोक’ म्हणण्याची जी पद्धत आहे ती स्पेनकडची. या गल्लीत कोणी तसं बोलत नाही. इथे मेक्सिकन आहेत, साल्वादोरचे, ग्वाटेमालाचे, आणि प्रत्येकाचं अरे-तुरे आणि अहो-जाहो वेगळं. गुरूचा सल्ला सोपा आहे: सगळ्यांना अहो म्हण, निभावतं.

10 वाजता दोघं रस्त्यावर. आणि इथे वेळापत्रकाचं आणि वस्तीचं पहिलं भांडण होतं. सकाळी दहाला पिको-युनियनमध्ये दार उघडायला असतं कोण? माणसं कपड्यांच्या कारखान्यांत, हॉटेलांच्या भटारखान्यांत, दुसऱ्यांच्या घरी पोरं सांभाळायला गेलेली. जी घरात आहेत ती रात्रभर कचेऱ्या पुसून पहाटे परतलेली, आता कुठे डोळा लागलेली. गुरूला इमारत पाठ आहे: दुसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं दार दोनच्या आधी वाजवायचं नाही. नव्याच्या वहीत हे नाही. त्याच्या वहीत आहे की दहा वाजता काम सुरू होतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. जून 2025 मध्ये या शहरात स्थलांतर खात्याचे छापे पडले. कपड्यांचं गोदाम, रोजंदारीचे मजूर उभे राहतात ते वाहनतळ, कुठूनही माणसं उचलली. त्यानंतर पांढरा शर्ट, टाय, आखूड कापलेले केस आणि गोरे चेहरे अशी जोडी दाराशी आली की आतून काय वाटेल हे वेगळं सांगायला नको. पडदा हलतो, टीव्हीचा आवाज बंद होतो. नवा शिकतो की दार वाजवून दोन पावलं मागे सरायचं, हात दिसतील असे ठेवायचे, चर्चचं नाव आधी सांगायचं आणि देवाचं नंतर. दाराशी कागद घेऊन आलेल्या माणसांचं भय या लोकांना आहे. नरकाचं त्या मानाने कमी.

दुपार पटकन सरते. मॅकआर्थर पार्कच्या फुटपाथवर आंब्याच्या फोडींवर तिखट-लिंबू पिळून देणाऱ्या बायका, शेजारच्या गाळ्यात पेंटेकोस्टल मंडळींचं ढोल-गिटारचं भजन. हा पंथ जिथून जगभर पसरला ती 1906 ची अझुसा स्ट्रीटची सभा याच शहरातली. या गल्लीत देवाला गिऱ्हाईक कमी नाही, विक्रेतेच फार.

3 च्या सुमारास एक दार उघडतं. मेक्सिकोतल्या वाहाकाहून आलेली आजी. घरात बोलणं सापोतेक भाषेत. स्पॅनिश तिलाही शिकावी लागलेली. म्हणून ती सावकाश बोलते, वाक्य सोपं करून पुन्हा सांगते, आणि नव्याला तासाभरात पहिल्यांदा सगळं समजतं. ‘मिहो (बाळा), बस’ म्हणून ती कॉफी पुढे करते. मॉर्मनांना कॉफी-चहा वर्ज्य. आपल्याकडे चहाला नको म्हणणाऱ्या पाहुण्याकडे बघतात तसं ती बघते. गुरू हसून विचारतो, ‘चांपुर्रादो आहे का?’ मका आणि चॉकलेटचं ते दाट पेय चालतं. आजी पातेलं चढवते. धर्माची गोष्ट त्या दिवशी पाच मिनिटंच होते, आणि माझ्या मते तेवढीच पुरे.

7 वाजता चर्चच्या हॉलमध्ये इंग्रजीचा फुकट वर्ग. दिवसातली ही घटका मला सगळ्यांत सरळ वाटते. येणारे इंग्रजीसाठी येतात, आणि तसं तोंडावर सांगतात. घरमालकाची नोटीस, शाळेचं पत्र, दवाखान्याचा फॉर्म पिशवीतून निघतात. दिवसभर अडखळलेला पोरगा फळ्यापुढे ताठ उभा राहतो. आता अडखळायची पाळी त्याच्या बापाच्या वयाच्या माणसांची. मराठी वाचकाला हा मार्ग अनोळखी नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले, मराठी शिकले, आणि त्यांच्या अमेरिकन मिशनने शाळा काढल्या. 1824 मध्ये मुलींचीही. लोकांनी पोरं पाठवली ती बहुतेक अक्षरांसाठी. बायबल वाटेत भेटलं तर भेटलं. पिको-युनियनमध्येही हिशेब तोच आहे, फक्त फळ्यावरची लिपी वेगळी.

9 वाजता खोलीवर परतायचं. आणि नेमकं याच वेळी वस्ती जागी होते. जिने वाजू लागतात, फोडणीचा वास येतो, दिवसभर बंद असलेली दारं वाऱ्यासाठी उघडी पडतात. नवा कुरकुरतो: आत्ता माणसं भेटतील आणि आत्ताच आपण घरी. गुरू वाद घालत नाही. फोनमध्ये पुढच्या दिवसांच्या नोंदी करतो. दुसरा मजला, डावीकडे: दोननंतर. वर्गातले एक काका: शनिवारी सकाळी सात, फ्रीज तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचाय, दोन माणसं हवीत. आजीकडे रविवारी भेट ठरली आहे, सुरुवातीची प्रार्थना नव्याने म्हणायची, स्पॅनिशमध्ये, कागद न बघता.

‘फ्रीजला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?’ नवा विचारतो आणि वही उघडतो.