नावेचे इंजिन घेताना
मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा किंवा अकोल्याकडील महानच्या काटेपूर्णा जलाशयावर तुमच्या घरची मासेमारीची नाव असेल, तर इंजिन घेण्याआधी हे ध्यानात घ्या. टू-स्ट्रोक इंजिन हलके असते; पण पेट्रोलात ऑइल मिसळावे लागते आणि पेट्रोलही जास्त लागते. फोर-स्ट्रोक महाग व जड, मात्र खर्चाला कमी. मोठे इंजिन लावून जड नाव दुप्पट पळत नाही. नुसते पेट्रोल जळते.

विहिरीवरच्या डिझेल पंपासारखाच हिशेब ठेवा. काठावर, इंजिन बंद करून टाकी खुणेपर्यंत भरा. जाळ्यापर्यंत जाऊन या आणि मापाने पुन्हा खुणेपर्यंत भरा. एकदा सावकाश, एकदा भरवेगात जाऊन पाहा. दोन्ही आकडे मासळीच्या विक्रीशेजारी वहीत लिहा. विक्रीचा पैसा पेट्रोलातच जात असेल, तर वल्हेच बरे!